हात वर केलेली माणसं

ज्या वर्षी कापसावर गुलाबी अळी आली आणि तिच्यावर फवारे मारता मारता माणसंच आजारी पडू लागली, त्या वर्षी मी यवतमाळच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर मानसशास्त्र शिकवत होते. आमचं घर कचेरीतल्या लोकांचं. आजोबा तहसिलीत होते, वडील जिल्हा परिषदेतून निवृत्त झाले, काका पोस्टात. कापसाशी आमचा संबंध एवढाच, की हंगामात रस्त्यावर कापसाच्या गाड्यांची रांग लागे आणि माझी स्कूटी तिच्यात अडकून पहिला तास बुडे. म्हणून फवारणी करणाऱ्या मजुरांच्या कार्यशाळा घ्यायला एका संस्थेला माणूस हवा आहे असं कळलं आणि मी अर्ज केला, तेव्हा आई म्हणाली, "तुला वावरातलं काय समजते?"

"वावरातलं सांगायला दुसरी माणसं आहेत," मी म्हणाले. "सांगितलेलं माणूस का करत नाही, ते मला समजते."

हे मी अगदी मनापासून म्हणाले होते.

संस्थेनं मला आधी तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला पुण्याला पाठवलं. वर्तनशास्त्र वापरून कार्यशाळा कशी बांधायची, हा विषय. शिकवणाऱ्या बाई तरुण होत्या आणि त्यांचं बोलणं ऐकताना मला आपण इतकी वर्षं वर्गात नुसता वेळ घालवला असं वाटू लागलं. त्या म्हणाल्या, माहिती देऊन कोणी बदलत नाही. सिगारेट ओढणाऱ्याला सगळी माहिती असते. माणूस शेजारच्याकडे बघून वागतो. चारचौघांत दिलेला शब्द मोडणं त्याला जड जातं. नवीन काम जुन्या सवयीला बांधून दिलं तर टिकतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्याला एकच गोष्ट करायला सांगा. दहा सांगितल्या तर तो एकही करत नाही. मी वही भरून लिहून घेतलं. परतीच्या ट्रॅव्हल्समध्ये रात्रभर झोप लागली नाही, इतकी मी उतावीळ झाले होते.

आमचं ऑफिस लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत, एका बंद कारखान्याच्या वरच्या मजल्यावर होतं. तिथले प्रमुख म्हणजे शेती खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ. त्यांना सगळे सर म्हणत. सरांनी मला फवारणीच्या सुरक्षिततेचं पत्रक दिलं. त्यावर नऊ सूचना होत्या. वाऱ्याच्या दिशेनं फवारा, उपाशीपोटी फवारू नका, हातमोजे घाला, मास्क घाला, ओला झाला की बदला, कपडे वेगळे धुवा, त्रास झाला तर ताबडतोब दवाखान्यात जा, अशा. मी लाल पेन घेतलं आणि आठ सूचनांवर काट मारली. उरली ती, मास्क घाला.

"बाकीचं पण महत्त्वाचं आहे हो मॅडम," सर म्हणाले.

"सर, नऊ सांगितल्या तर एकही होणार नाही. एक सांगू, ती झाली की दुसरी."

सरांनी कागदाखाली सही केली. जुनी नऊ सूचनांची पत्रकं त्यांनी फेकली मात्र नाहीत. ती ऑफिसच्या गाडीच्या मागच्या सीटखाली तशीच पडून होती.

पहिली कार्यशाळा दारव्हा रस्त्याच्या पुढच्या एका तांड्यावर झाली. या लोकांचे पणजोबा बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य घेऊन मुलूखभर फिरायचे. आता सगळ्यांची थोडीथोडी कोरडवाहू शेती होती, आणि फवारणीच्या दिवसांत पुरुष आजूबाजूच्या मोठ्या वावरांत फवारा मारायला जायचे. समाजमंदिरात मी सतरंज्या गोल अंथरल्या. गोलात बसलं की कोणी मोठा नाही, कोणी छोटा नाही, असं वहीत होतं. लोक आले. पुरुष गोलात बसले, बाया त्या गोलाच्या बाहेर भिंतीला टेकून बसल्या आणि तांड्याचा नायक आला तेव्हा कोणीतरी पळत जाऊन खुर्ची आणली. गोल तिथेच संपला.

मग मी म्हणाले, आता शेजारच्या माणसाशी दोन मिनिटं बोला, फवारणीच्या वेळी सगळ्यात त्रास कशाचा होतो ते एकमेकांना सांगा. सगळे बोलू लागले. दोन माणसं मात्र समोर बघत गप्प. मी जवळ जाऊन म्हणाले, "बोला ना, दोघं."

"आमी बोलत नाई," एक जण म्हणाला.

"लाजू नका."

"लाजत नाई म्याडम. वावराच्या धुऱ्यावरून कोर्टात केस चालू हाये आमची."

सगळे हसले. त्या दोघांतला एक जण तर जास्तच मोठ्यानं हसला. मीही हसले, पण आतून घाबरले. पुढचं सगळं मात्र सुरळीत झालं. मी प्रश्न विचारले, त्यांनी उत्तरं दिली. शेवटी मी म्हणाले, "उद्यापासून फवारा मारताना जे जे मास्क घालणार, त्यांनी हात वर करा."

सगळे हात वर गेले. एकूण एक. पाठीमागच्या बायांत एक उंच, हडकुळा माणूस दाराला टेकून उभा होता, कानाला दुपट्टा गुंडाळलेला, वय चाळिशीचं. त्यानं सगळ्यांच्या नंतर हात वर केला आणि सगळ्यांनी खाली घेतल्यावरही त्याचा हात वरच.

"भाऊ, झालं, घ्या खाली," मी म्हणाले.

त्यानं हात खाली घेतला. त्या दिवशी तो एक शब्दही बोलला नव्हता. मी सगळ्यांचा फोटो काढला, मास्कची पाकिटं वाटली, चहा झाला. परत येताना मी गाडीतूनच सरांना फोन करून सांगितलं, शंभर टक्के.

दहा दिवसांनी मी पाहायला गेले. पहिल्याच घरी मास्क रांजणाच्या तोंडावर बांधलेला होता, पाणी गाळायला. दुसऱ्या घरी तो मोटरसायकलच्या हँडलला अडकवलेला, धुळीसाठी. तिसऱ्या घरी, कुठे ठेवला ते आठवत नाही म्हणाले. हात वर केलेली तीच माणसं होती, तेच चेहरे. कोणी लपवतही नव्हतं.

"पण तुम्ही हात वर केला होता," मी एकाला म्हटलं.

"हो, केल्ता ना."

"मग?"

"ग्रामसभेत बी करतो," तो समजावून सांगितल्यासारखं म्हणाला. "हात वर झाले का मिटिंग सुटते."

मी तिथल्या ओट्यावर बसले. वहीत असं काही नव्हतं. तेवढ्यात नायकाची बायको आली. तिला तांड्यावर सगळे याडी, म्हणजे आई, म्हणत. साठीच्या पुढची असेल. कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या, बोलताना माणसाकडे एकटक बघायची सवय.

"बाई, तू कदी फवारा मारला काय?" तिनं विचारलं.

"नाही."

"चाल मंग."

ती मला तिच्या वावरात घेऊन गेली. बरोबर चारपाच बाया आल्या. पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, माझ्या खांद्यापर्यंत आलेली होती आणि पाऊस जाऊन ऊन तापायला लागलं होतं. याडीनं पंपात नुसतं पाणी भरायला लावलं आणि माझ्या पाठीवर चढवला. मी मोजे घातले, चष्मा लावला, मास्क बांधला. सगळं नियमाप्रमाणे. एकच गोष्ट, मास्क, असं मनाशी म्हणत मी दोन ओळींच्या मधून चालू लागले. पाठीवरचं वजन खांद्यात रुतत होतं. फांद्या चेहऱ्यावर येत होत्या. दहा पावलांत चष्म्यावर वाफ आली. आपला श्वास परत आपल्याच तोंडात येतोय असं वाटत होतं. तरी मी थांबले नाही. ओळ संपवून मी वळले आणि मोठ्यानं विचारलं, "अजून एक मारू काय?"

सगळ्या बाया हसत होत्या.

"काय झालं?"

"मास्क कायले काढला?" याडी म्हणाली.

मी हात लावून पाहिला. मास्क हनुवटीखाली होता. मी तो कधी ओढला, मला आठवतच नव्हतं. बोलायच्या वेळी ओढला असेल तर ती जेमतेम दोन सेकंदांपूर्वीची गोष्ट. पण एक बाई म्हणाली, "नाई नाई, अर्ध्या ओळीतच काढला तुमी." दुसरी म्हणाली, पाऊण. मी तिथे उभी राहिले आणि मला खरंच आठवेना. मी मास्कचीच माणूस होते. मास्क सोडून दुसरं काही मला सांगायचंच नव्हतं. माझा हात माझ्या चेहऱ्यापर्यंत गेला, मास्क खाली ओढला, आणि मला पत्ताच नाही.

याडी त्यांच्या बोलीत काहीतरी बोलली आणि बाया पुन्हा हसल्या. मी विचारलं, काय म्हणाली?

"याडी म्हणते, आज शिकवलं बाईनं."

जाताना एकीनं सांगितलं, की तांड्यावर एकच माणूस मास्क घालतो. तो उंच, दाराला टेकून उभा होता तो. सकाळी घालते तं सांजेलेच काढते, जेवाच्या वक्ताले तेवढा खाली घेते. मला इतका आनंद झाला, की वावरातली फजिती मी विसरले. एक तर एक. त्यानं हात सगळ्यांत उशिरा खाली घेतला होता, हे मला आठवलं, आणि शब्द ज्याला खरा वाटतो त्याची खूण आपल्याला सापडली असं वाटलं. महिन्याच्या बैठकीत मी त्याची गोष्ट सांगितली. सरांनी ती अहवालात घातली.

पुढच्या पंधरवड्यात मी तो माणूस यवतमाळला दवाखान्यात असल्याचं ऐकलं. फोन तांड्याच्या अंगणवाडीतून आला होता. फवारा मारताना चक्कर आली, उलट्या झाल्या, समोरचं दिसेना, म्हणून आणलं.

मी दवाखान्यात पोचले तेव्हा तो पडून होता. अंगाला घाम, डोळे लाल, बाहुल्या अगदी बारीक. उशाशी त्याची बायको बसलेली. मला पाहून त्यानं उठायचा प्रयत्न केला.

"पडून राहा भाऊ."

"म्याडम, मास्क काढला नाई मी," तो म्हणाला. जीभ जड झाली होती, शब्द ओढत येत होते. "दिवसभर. चार दिवस तोच. तुमाले शब्द देल्ता ना."

मला आधी अर्थ लागला नाही. मग त्याच्या बायकोनं पिशवीतून एक प्लास्टिक काढलं. त्यात तो मास्क होता. आम्ही वाटलेला, पातळ कापडी. पांढरा होता, आता पिवळट, कडक झालेला. तोंडाच्या जागी गोल डाग. औषधाचा वास प्लास्टिकमधूनही येत होता.

मी ते घेऊन बाहेर आले. वॉर्डातले डॉक्टर तरुण होते आणि दमलेले दिसत होते. मी त्यांना मास्क दाखवला आणि विचारलं, यानं झालं का?

त्यांनी तो हातात घेतला नाही, नुसता पाहिला. "ओला मास्क दिवसभर तोंडावर असेल तर औषध तोंडावरच बसून राहतं," ते म्हणाले.

"म्हणजे यानंच झालं."

"असं मी म्हटलं नाही. तो उभ्या पिकात फवारत होता, पऱ्हाटी डोक्याएवढी, वारा समोरून. कपडे भिजलेले. मास्क नसता तर कदाचित जास्त गेलं असतं. कदाचित कमी."

"पण यातलं काय?"

"ते मला सांगता येणार नाही मॅडम." त्यांना दुसऱ्या खाटेकडे बोलावलं, ते गेले.

मी दवाखान्याच्या आवारात कडुनिंबाखाली बसून राहिले. नऊ सूचनांमधली पाचवी माझ्या डोळ्यांपुढे होती. ओला झाला की बदला. त्यावरून माझं लाल पेन गेलं होतं. पण नऊच्या नऊ सांगितल्या असत्या तर त्यानं मास्क घातलाच नसता, मग? मग तो आज इथे असता की घरी? मी हे गणित कितीतरी वेळा मांडलं आणि दर वेळी वेगळं उत्तर आलं. वाईट वाटावं इतकंही मला ठामपणे कळत नव्हतं. माझ्यामुळे तो आजारी पडला असेल, किंवा माझ्यामुळे वाचला असेल. दोन्हींपैकी एक धरून बसावं म्हटलं तर दुसरं उठून समोर येई.

ऑफिसात जाऊन मी सरांना सगळं सांगितलं आणि राजीनामा देते म्हणाले. सरांनी चष्मा काढून पुसला.

"सही माझी आहे त्या कागदावर," ते म्हणाले. "आणि गुरुवारी पुढच्या गावी कार्यशाळा ठेवली आहे. तिथल्या लोकांना कोण सांगणार, बदला म्हणून?"

"किती सूचना सांगू, सर? एक की नऊ?"

"मला काय माहीत," सर म्हणाले. "तुम्हाला पुण्याला पाठवलं ना त्यासाठी."

ते रागानं म्हणाले नव्हते. खरंच विचारत होते.

तो माणूस आठवड्याभरानं घरी गेला. मी त्याची माफी मागायला तांड्यावर गेले. सगळा रस्ता काय बोलायचं ते ठरवत गेले होते. तो ओट्यावर बसला होता, बराच उतरला होता, पण डोळे नीट झाले होते. मी उभ्या उभ्याच म्हणाले, "भाऊ, माझी चूक झाली. मास्क बदलायचा असतो, हे मी तुम्हाला सांगितलंच नाही."

तो काही बोलायच्या आतच त्याची बायको म्हणाली, "तुमची कायची चूक? तुमच्यापायीच तं वाचला हा माणूस."

"माझ्यामुळे?"

"मंग? पहिले कोणाले चक्कर आली का आमी दही पाजत होतो, लिंबू देत होतो, निजवत होतो. तुमी सांगतलं होतं, त्रास झाला का लगेच दवाखान्यात न्या. म्हणून तं मी ऑटो करून सरळ यवतमाळले नेलं. डॉक्टर बी म्हणे, वक्तावर आणलं."

"मी हे सांगितलं नव्हतं," मी म्हणाले.

"सांगतलं होतं. मी मागं बसली होती ना भिंतीले."

"ताई, मी फक्त मास्कचं बोलले होते."

"तुमी इसरल्या असान," ती म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली.

ती सातवी सूचना होती. तिच्यावरही मी काट मारली होती. आजही मला कळत नाही, तिनं ती कुठे ऐकली. गाडीतली जुनी पत्रकं कोणी घेतली असतील काय? पण तिला वाचता येत नव्हतं. रेडिओवर ऐकली असेल, अंगणवाडीत ऐकली असेल. की बाया भिंतीशी बसून आपसात काही बोलत होत्या, तेव्हा कोणीतरी कोणाला सांगितली? मी गोलाच्या आतल्या माणसांकडे बघत होते. भिंतीशी काय चाललं होतं, मला काहीच माहीत नाही. पण तिच्या लेखी ते मीच बोलले होते आणि तिनं मला ते खोडू दिलं नाही.

माफीचं बोलणं तिथेच राहून गेलं. मग तो माणूसच म्हणाला, "म्याडम, पुढच्या गावाले मले घेऊन चाला. मी सांगतो."

"काय सांगणार?"

"झालं थे."

त्यानंतर तो माझ्याबरोबर येऊ लागला. सरांनी त्याला परवानगी दिली. गोल, जोड्या, हात वर करणं, सगळं मी हळूहळू सोडून दिलं होतं. मी सुरुवातीला चार शब्द बोलायची, मग तो उभा राहायचा. ज्यानं पहिल्या दिवशी तोंड उघडलं नव्हतं, तो आता अर्धा तास बोले आणि लोक जागचे हलत नसत. पण तिसऱ्या गावात माझ्या लक्षात आलं, की तो दर वेळी वेगळं सांगतो आहे. पहिल्या गावात तो म्हणाला, मास्क होता म्हणून वाचलो. दुसऱ्या गावात म्हणाला, मास्कनंच घात केला, ओला होता, काढला नाही. तिसऱ्या गावात मास्कचं नावच नाही, नुसतं बायकोनं ऑटोत कसं घातलं आणि रस्त्यात तिनं रडत रडत आपल्याला कशा शिव्या दिल्या, तेच सांगत बसला.

गाडीत मी त्याला विचारलं, "भाऊ, खरं काय?"

"सारंच खरं हाये."

"पण दोन्ही कसं खरं असेल? वाचवलं पण, घात पण केला?"

"म्याडम, पयल्या गावात सारे घमेंडी बसले होते. म्हणे मास्क बिस्क बाया घालते. त्याइले म्हणा लागते, मास्कनं वाचलो. दुसऱ्या गावात सारे भिऊन मास्कवर मास्क बांधून राह्यले होते. त्याइले दुसरं सांगा लागते."

"आणि तिसऱ्या?"

"तिथं बाया जास्त होत्या," तो म्हणाला.

तीन दिवस पुण्याला बसून मी जे शिकले होते ते हेच होतं, की दुसरंच काही, हे मला ठरवता येईना. तो खोटं बोलत होता असंही म्हणवत नव्हतं, कारण डॉक्टरनं मला दोन्ही शक्य आहे असंच सांगितलं होतं. मी वहीत लिहायला घेतलं आणि काय लिहावं ते न सुचून वही मिटली.

शेवटची कार्यशाळा झरी जामणी तालुक्यातल्या एका कोलाम आदिवासींच्या गावात होती. रस्ता संपल्यावरही बरंच आत, सागाच्या जंगलाला लागून. थोडी कोरडवाहू शेती, बाकी जंगलातलं काम, आणि फवारणीच्या दिवसांत खालच्या गावातल्या मोठ्या वावरांत मजुरी. तिथे पुष्कळांना आमचं बोलणं नीट कळत नव्हतं. रोपवाटिकेत काम करणारी एक बाई दोन्ही भाषा बोलायची, ती मध्ये बसली. लोक झाडाखाली बसले होते, कसेही, पाठमोरेसुद्धा.

तो उभा राहिला आणि म्हणाला, "मले फवारा लागला होता." त्या बाईनं ते कोलामीत सांगायला घेतलं आणि बोलतच राहिली. पाच मिनिटं झाली असतील. मी तिला हळूच विचारलं, "त्यांनी एकच वाक्य म्हटलं ना?"

"तेच सांगून राह्यली," ती म्हणाली.

तो पुढचं वाक्य बोलला, ती पुन्हा बोलली. एकदा सगळे हसले. मग सगळे एकदम शांत झाले. एक म्हातारा उठला, त्याच्यापाशी आला आणि त्यानं त्याच्या हनुवटीला धरून चेहरा उजेडाकडे वळवला. डोळ्यांत पाहिलं, एका डोळ्यात, मग दुसऱ्या. खूप वेळ पाहिलं. आमचा माणूस इतका उंच, पण वाकून तसाच उभा राहिला. म्हातारा काहीतरी बोलला आणि चालायला लागला. त्याच्यामागून एक एक करून सगळे उठून गेले. चहा झाला होता, पातेलं भरलेलं होतं. कोणी घेतला नाही.

मी मनात म्हटलं, ही सगळ्यात वाईट कार्यशाळा. त्या बाईला विचारलं, म्हातारे काय बोलले?

"म्हणे, पायलं."

"एवढंच?"

"एवढंच."

परतताना तो मात्र खुशीत होता. "जमलं आज," तो म्हणाला. कशावरून जमलं, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. मला त्याचं उत्तर कळणार नाही याची खात्री होती.

तीन आठवड्यांनी सरांनी मला बोलावलं. त्यांच्यासमोर खालच्या गावातले दोन मोठे शेतकरी बसले होते, चांगलेच तापलेले. त्या कोलाम गावातलं एकही माणूस यंदा फवारणीला येत नव्हतं. वेचणीला येऊ म्हणतात, निंदणाला येऊ म्हणतात, फवारा मारणार नाही म्हणतात. सगळं गाव. "तुमी सांगतलं काय त्याइले?" त्यातला एक मला म्हणाला.

"मास्क ओला झाला की बदला, वाऱ्याकडे तोंड करून फवारू नका," मी म्हणाले. मी तेवढंच सांगितलं होतं. म्हणजे मला आठवतं तेवढंच.

"मंग थे फवारत काहून नाही?"

"मला माहीत नाही," मी म्हणाले. आणि ते खरं होतं. सर त्यांना समजावत राहिले, शेवटी ते उठून गेले.

खोलीत आम्ही दोघंच उरलो. सरांनी कपाटातून गावनिहाय तक्ता काढला, वर पाठवायचा. त्या गावासमोर एक रकाना होता, मास्क वापरणाऱ्यांची संख्या. सरांनी तिथे शून्य लिहिलं. मग पुढचा रकाना, विषबाधा झालेल्यांची संख्या. तिथेही शून्य. त्यांनी दोन्ही शून्यांकडे पाहिलं आणि पेन हातात धरून बसले.

"मॅडम, हे यश धरायचं की अपयश?"

खाली रस्त्यावर ट्रक मागे घेत होते, त्यांचा आवाज येत होता.

"नाही सांगता येत सर," मी म्हणाले.

शेऱ्याच्या रकान्यात सरांनी सावकाश लिहिलं, 'फवारणी झाली नाही.' लिहून झाल्यावर तक्ता माझ्याकडे वळवला आणि विचारलं, बरोबर आहे ना? मी वाचलं. त्यात चूक काढण्यासारखं काही नव्हतं. मी मान हलवली, आणि त्यांनी कागद पाकिटात घातला.